झाकणाच्या आतली ओळ

मिरजेच्या ध्वनिशेष केंद्रापुढे सकाळी आठलाच रांग लागते. कुणाच्या हातात टीव्हीचा बंद पडलेला रिमोट, कुणाच्या पिशवीत दारावरची घंटा. एका गृहस्थांनी तर वॉशिंग मशीनचं पॅनेलच उचकटून आणलं होतं. दोन वर्षांपूर्वी असल्या मालाला भंगारवाल्यानंही हात लावला नसता. आता घरातलं माणूस गेलं की तेराव्याच्या आधी रिमोटची शोधाशोध होते.

त्या रांगेत श्रीकांत आवटी उभे होते आणि त्यांना पळून जावंसं वाटत होतं. शेजारी निवृत्त शिक्षिका शैलजा मगदूम. बाईंच्या हातात, रुमालात गुंडाळलेला, आलेख काढणारा जुना जाडजूड कॅल्क्युलेटर. तो त्यांच्या मुलीचा, तेजलचा. सहा वर्षांपूर्वी हायवेवरच्या अपघातात ती गेली. गणितं सोडवायच्या त्या यंत्राला हेडफोनची खाच बसवून तेजल त्यावर सूर रचायची.

"आवटीभाऊ, तुम्ही दुरुस्त केला नसता तर हा केव्हाच कचऱ्यात गेला असता," बाई म्हणाल्या.

आवटी नुसते हसले. हे वाक्य त्यांनी सकाळपासून चौथ्यांदा ऐकलं होतं.

"काय निघेल हो यातून? चहापाण्याचं तर काही निघायचं नाही. तेजलला मेलीला गॅससुद्धा पेटवता यायचा नाही. पण सारखी गुणगुणायची. तेच निघेल, बघा तुम्ही."

ध्वनिशेष म्हणजे काय, हे आता शेंबडं पोरही सांगेल. जुन्या यंत्रांत कपॅसिटर नावाचे भाताच्या शितापेक्षाही लहान असे चिनी मातीचे तुकडे असतात. आवाज झाला की ते किंचित थरथरतात, हे जाणकारांना पूर्वीपासून ठाऊक होतं. नव्यानं कळलं ते एवढंच, की ती थरथर पूर्ण विरत नाही. एकच वाक्य त्याच चालीत वर्षानुवर्षं यंत्राजवळ बोललं गेलं, तर मातीच्या कणांत त्याचा ठसा उरतो. लग्नातलं भाषण उरत नाही, 'दार लावून घे' उरतं. ठसा पुसट असतो. आवाज कुणाचा ते ओळखू येत नाही, शब्द आणि चाल तेवढी राहते. वाचताना तो पुसलाही जातो, म्हणून एकदाच वाचून त्याचं ध्वनिमुद्रण करतात. मोबाइलमध्ये माणसं कॅमेऱ्याशी बोललेली असतात, घराशी बोललेली नसतात. रांग त्यासाठी होती.

आवटींचा गुन्हा पाच वर्षांपूर्वीचा. वीज मंडळात मीटर तपासण्यात उभी नोकरी सरली, पण जीव जुन्या यंत्रांत. बाईंनी कॅल्क्युलेटर आणून दिला तेव्हा म्हणाल्या होत्या, "नुसता सुरू झाला तरी पुरे." सेलच्या स्प्रिंगला गंज चढला होता. व्हिनेगरनं पुसला आणि दहा मिनिटांत पडदा उजळला. तिथंच थांबायचं होतं. पण तेजलची धून वाजताना मागे खरखर येत होती, आणि पुढच्या रविवारी जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या आवटींच्या हौशी मंडळाचा वार्षिक मेळावा होता. खरखर घेऊन तिथं जायचं म्हणजे नाक कापून घेणं. त्यांनी अकराच्या अकरा कपॅसिटर उपटले. 'जुन्याला जुनंच लावायचं' हा मंडळाचा नियम. नवा भाग लावणारा तिथं बाटगा ठरतो. म्हणून माळ्यावरचा स्वतःचा जुना व्हिडिओ गेम फोडला आणि त्यातले अकरा तुकडे इथं बसवले. मेळाव्यात धून स्वच्छ वाजली. लोक उभे राहिले. पहिल्या रांगेत बाई रडल्या. तेजलचे अकरा तुकडे तोवर सुपलीतून कचऱ्यात गेले होते.

केंद्राच्या प्रमुख डॉ. फरीदा बागवान यांनी कॅल्क्युलेटर उघडला आणि थोड्या वेळानं एकट्या आवटींना आत बोलावलं. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ होती: 'सर्व कपॅसिटर बदलले. श्री. आ.' दुरुस्त केलेल्या यंत्रात आपली ओळ सोडायची, ही या हौशी लोकांची रीत.

"काका, हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"आधीचे तुकडे?"

"टाकून दिले. तेव्हा कुणाला माहीत होतं हो डॉक्टर?"

"नव्हतंच माहीत. पण बाईंना विचारलं होतंत?"

आवटींनी त्या ओळीवरून अंगठा फिरवला. "यातून आता काहीच निघणार नाही ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तसं नाही. ठसा आहे, आणि फार खोल आहे. इतका खोल म्हणजे कुणालातरी तेच वाक्य रोज चार-चारदा म्हणावं लागलं असणार. ऐकणारा ऐकतच नसणार." डॉक्टरांनी झाकण बसवलं. "बाहेर बाई बसल्यात. सांगायचं ते तुम्ही सांगा. ते मी तुमच्यासाठी करणार नाही."

सांगायचं, असं ठरवूनच आवटी बाहेर आले. पण बाईंनी त्यांचा हात धरून शेजारी बसवलं आणि तोवर स्पीकर सुरूही झाला. पत्र्यावर पीठ चाळावं तसा आवाज आला आणि त्यातून शब्द उमटले:

"बास आता. चहा गार होतोय."

'गार'वर किंचित वर चढणारी चाल. आवटींनी ती चाल लगेच ओळखली. ही वासंती होती, त्यांची बायको, सात वर्षांपूर्वी गेलेली. वीस वर्षं ते रोज संध्याकाळी त्या गेमपुढे बसत, ती मागे येऊन हे म्हणत असे, आणि ते मान वळवत नसत.

"तेजल!" बाई ओरडल्या. "माझी तेजल!"

आवटींनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

त्याला आता पाच महिने झाले. दर गुरुवारी संध्याकाळी आवटी मगदूमबाईंकडे जातात. बाई चहा ठेवतात आणि ध्वनिमुद्रण लावतात. सुरुवातीला त्या नुसत्या हसायच्या. हल्ली रडतात.

"मला आता सगळं आठवतंय, भाऊ," परवा त्या म्हणाल्या. "मी पेपर तपासत बसायची आणि ती चहा करून आणायची. मी वरसुद्धा बघायची नाही. लेकरानं किती वेळा सांगितलं असेल हो! मी कसली आई?"

"तुम्ही म्हणाला होतात, तिला गॅस पेटवता यायचा नाही," आवटी चाचरत म्हणाले.

"मी? छे! मी असं कशाला म्हणेन?"

आपलं पाप या बाई फेडतायत, हे आवटींना लख्ख दिसत होतं. एका वाक्यात त्यांची सुटका झाली असती. पण त्या वाक्यानंतर तेजल दुसऱ्यांदा गेली असती. आणि खरं सांगायचं तर, पुढच्या गुरुवारी या घराचं दार आवटींना उघडलं नसतं. हे दुसरं कारणच मोठं होतं. त्याची त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते बसून राहिले.

"बास आता. चहा गार होतोय," वासंती म्हणाली.

आवटींनी झटकन कप उचलला आणि कढत चहा तसाच घोटला. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, सावकाश!" बाई म्हणाल्या.

"पुन्हा एकदा लावता का, बाई?" आवटी म्हणाले.