काकडी धरून

ऑरिन व्हीलॉक व्हरमाँटच्या अन्नतपासणी प्रयोगशाळेत शिरला तेव्हा त्याच्या बुटांना मार्चचा चिखल होता आणि हातात डेल्फीनच्या सहीचा कागद.

"ही सही करणारी बाई कोण?"

"मीच."

"माझ्या मेपलच्या पाकात शिसं आहे म्हणता? मग हंगामाची चाळीस पिंपं ओतून देऊ?"

डेल्फीनने यंत्राकडे बोट दाखवलं. लेसरची ठिणगी पडली की प्रत्येक धातू आपापल्या रंगात चमकतो; यंत्र ती चमक मोजतं. "यंत्र खोटं बोलत नाही," ती म्हणाली. त्याच्या कानामागे मेपलची काडी अडकली होती. तिकडे बघायचं नाही असं ठरवून ती तिकडेच बघत होती...

"मग रविवारी या. पाक खाऊन बघा."

"शिसं असलेला पाक खायला बोलावताय?"

"माझे आजोबा यावर ब्याण्णव वर्षं जगले. तेही कुरकुरत."

रविवारी, मेपलच्या झाडांचा रस आटवून पाक करायच्या वाफाळलेल्या खोपटात, त्याने बर्फावर गरम पाक ओतला. शेजारी आंबवलेली काकडी ठेवली.

"काकडी कशाला?"

"आधी नुसता पाक खा. मग काकडी चावा, आणि पुन्हा पाक."

तिने खाल्लं. "अय्या, हा जास्त गोड आहे!"

"पाक तोच आहे, बाई. तोंड बदललं."

डेल्फीनने काकडी खाली ठेवली. यंत्राला शिसं ओळखायला तिने शिकवलं होतं साध्या पाण्यातलं — आणि मोजायला लावलं साखरेतलं! साखरेत ठिणगी वेगळीच भडकते. तेवढंच शिसं जास्त दिसतं.

"उद्या तुमच्या पाकात मी थोडं शिसं मुद्दाम घालणार."

"अजून?"

"मोजून हो! किती घातल्यावर चमक किती वाढते ते पाहिलं, की मुळात किती होतं ते कळेल."

गुरुवारी ती स्वतःच नवा कागद घेऊन गेली. शिसं होतं, पण मर्यादेच्या निम्म्याहून कमी. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'आधीचा अहवाल माझ्या चुकीमुळे रद्द.'

ऑरिनने ते दोनदा वाचलं. पिंपांकडे पाहिलं. मग तिच्याकडे... जरा जास्तच वेळ.

"मीही तुला पाण्यातच मोजलं होतं."

"तुला?"

"तोंडून गेलं. परत घेऊ?"

"नको... राहू दे." ती लाजली, आणि लाजल्याचा राग येऊन बर्फाकडे बघू लागली.

"मग माझ्याबद्दल काय अहवाल?"

"तीनदा मोजल्याशिवाय मी सही करत नाही."

"म्हणजे तीन रविवार?"

"काकडी धरून."

सही झाली ती पुढच्या वर्षी मे महिन्यात, चर्चच्या लग्नाच्या वहीत. डेल्फीनला घाई होती, मार्चच चालला असता. पण झाडांना रस सुटलेला असताना व्हरमाँटात कुणी मरायलासुद्धा सवड काढत नाही.