तेवीस नंबरचा डबा

गुंडोला त्यातून मिळणार होतं ते एवढंच: दोन मुदी भात, वाटीभर सांबार, एक भाजी आणि भातावर ओतण्यापुरतं ताक. भाजीत मीठ बेताचं, कारण सभेचे जेवणारे सगळे सत्तरीच्या पुढचे. एवढ्यासाठी माणूस खोटं बोलतो का, असं विचारणाऱ्यानं चौसष्ट सालचं मद्रास पाहिलेलं नाही. त्या ऑक्टोबरात खिशात पैसे असूनही तांदूळ मिळत नव्हता. रेशनच्या दुकानापुढे माणसं पहाटे विटा मांडून जागा धरत आणि दुपारी विटा उचलून घरी जात. गुंडोच्या घरात सहा वर्षांची विजी विषमज्वरातून उठून भिंत धरून चालायला शिकत होती. मऊ भात द्या, पोटभर द्या, असं डॉक्टर सांगून गेले होते. तांदूळ कुठला आणायचा ते त्यांनी चिठ्ठीत लिहिलं नव्हतं.

गुंडो तंजावरकडच्या मराठी मंडळींच्या एका अन्नदान सभेची गाडी चालवी. ज्यांना कुणी उरलेलं नाही अशा तेवीस म्हाताऱ्यांना रोज दुपारचं जेवण पोचवायचं, हे सभेचं काम. राखाडी रंगाची ती व्हॅन कुणा वकिलाच्या विधवेनं दान दिली होती, आणि दानाच्या वस्तूला असतात तशा तिला सगळ्या खोडी होत्या. डावं दार फक्त बाहेरून उघडे. तिरुवल्लिकेणीच्या स्वयंपाकघरातून निघायचं, मैलापूर करायचं, मग टी. नगर, आणि रेल्वेचं फाटक ओलांडून शेवटी वेस्ट मांबलम. प्रत्येक दारी आजचा भरलेला डबा द्यायचा, कालचा घासलेला डबा घ्यायचा. डबे पितळेचे, तीन पुडांचे, एका नंबरचे दोन, झाकणावर नंबर ठोकलेला. माणूस गेलं की त्याचा नंबर यादीत खाली थांबलेल्याला मिळे. त्या वेळी सगळ्यांत वर थांबलेलं नाव होतं तुळजाजीचं. निवृत्त पोस्टमन, एकटा, गेले तीन महिने केळ्यांवर दिवस काढणारा.

तेवीस नंबर अलमेलूआत्यांचा. मांबलम स्टेशनच्या मागं एका वाडीत, विहिरीशेजारी त्यांची एकच खोली होती. वय ऐंशी, दात तीन, जीभ शाबूत.

"गाडी हाकतोस की गाढव, रे पा? भात निवला की माझ्यासारखा होतो. कडक अन् निरुपयोगी."

"फाटक बंद होतं, आत्या."

"फाटक रोज बंद असतें. तूं रोज नवा होतोस."

त्यांचा डबा कधी रिकामा परत येत नसे. केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधलेला गुळाचा खडा वरच्या पुडात असायचाच. सभेचा आचारी राघोत्तम तो खडा देवाचा प्रसाद असल्यासारखा तोंडात टाकी. एकदा गुंडो म्हणाला, "गुळाचा भाव काय झालाय आत्या, कशाला घालता?"

आत्यांनी पानाची गाठ मारता मारता सांगितलं, "लोकांचें भांडें रिकामें परत पाठवूं नये रे. आपण कांहीं घातलें नाहीं, तर तें आपलें आपण घेतें."

गुंडो हसला. म्हाताऱ्यांचं बोलणं हसून घ्यायचं, हा त्याच्या नोकरीचाच भाग होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन गेला तेव्हा वाडीचा मालक दारातच उभा होता. आत्या पहाटे गेल्या होत्या. कुणी नातेवाईक नाही, म्हणून मालकानंच चार माणसं जमवून सकाळीच मसणात नेऊन सगळं उरकलं होतं. खोली धुतलेली, ओली होती. कालचा डबा उंबऱ्यावर पालथा घातलेला होता.

"सभेला तुम्ही कळवाल ना, ड्रायव्हर?" मालकानं तमिळमध्ये विचारलं. "दिवस घालायचे असतील तर त्यांनी घालावेत."

"सांगतो," गुंडो म्हणाला.

दोन्ही डबे घेऊन तो गाडीत बसला. शेजारच्या सीटवर भरलेला डबा गरम होता. कोडंबाक्कमला त्याचं घर वाटेवरच होतं. तिथं गाडी थांबवताना आपण काय ठरवलं, हे त्याला नंतर कितीही आठवून सांगता आलं नसतं. विजीनं त्या दुपारी तीनदा भात मागून घेतला.

असं सुरू झालं. रोज शेवटचा डबा मांबलमऐवजी कोडंबाक्कमला जाऊ लागला आणि तिथला कालचा डबा परत येऊ लागला. त्याची बायको तुळसी डबा राखेनं लखलखीत घासून द्यायची. ती फार विचारत नसे. एकदाच म्हणाली, "कुणाचा आहे?"

"जास्तीचा आहे. सभेत उरतो."

"या दिवसांत उरतो?"

विजीच्या गालांवर मांस चढत होतं, आणि त्यापुढे प्रश्नाला किंमत नव्हती. ती भिंत सोडून चालायला लागली. तिचा समोरचा एक दात पडला. तुळसीनं तो रीतीप्रमाणं शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर फेकला.

सभेत राघोत्तम रोज एकेकाचं नाव घेत डबे भरी. "वेंकोजी, सांबार पातळ. अलमेलूआत्या, भात मऊ." नाव घेतल्याशिवाय त्याचा हात वाढत नसे. ते नाव ऐकलं की गुंडो गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घाली.

"आत्यांचा गूळ संपला वाटतं," परत आलेले डबे उघडताना राघोत्तम म्हणाला. "आठ दिवस डबा नुसता कोरडा येतोय."

"भाव वाढलाय."

"भाव वाढला म्हणून आत्या रीत सोडतील? बरी आहे ना म्हातारी?"

"बरी आहे," गुंडो म्हणाला. "तुझ्या भाताला नावं ठेवते."

दहाव्या दिवशी राघोत्तमनं वरचं पूड उघडलं आणि बोटाच्या चिमटीत काहीतरी धरून उजेडात पाहिलं. निळ्या काचेच्या बांगडीचा तुकडा.

"हे काय पाठवलंय आत्यांनी?"

गुंडोनं तुकडा हातात घेतला. विजीच्या हातात निळ्या बांगड्या होत्या. पोर डब्याशी खेळली असणार, असं म्हणून त्यानं तो खिशात टाकला. घरी तुळसीला रागावला. ती म्हणाली, "मी घासून, पुसून, बंद करून देते. आत काही नव्हतं." विजीच्या हातात पाच बांगड्या होत्या, आता चार होत्या. कधी फुटली ते तिला माहीत नव्हतं.

चार दिवसांनी लाल रिबिन आली, गुंडाळी करून नीट ठेवलेली. राघोत्तम हसला. "म्हातारीला चळ लागला. लहान झाली पुन्हा."

त्याच आठवड्यात विजीचं ताट पहिल्यासारखं दिसेना. म्हणजे ताट रिकामं व्हायचं. ती सगळं खायची, चाटून खायची, आणि हात धुऊन आल्यावर म्हणायची, "अम्मा, वाढ ना." आत्ताच वाढलं की, म्हटलं तर ती आईकडे असं बघायची, जणू तिची थट्टा चाललीय. फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागला. डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ बघितली, ताप नाही म्हणाले. खायला घाला.

"घालतोय," गुंडो म्हणाला.

पुढच्या सोमवारी डब्यात दात होता.

इवलासा, पांढरा, स्वच्छ. शेणाचा कण नाही. राघोत्तम त्या दिवशी हसला नाही. त्यानं पूड गुंडोपुढे सरकवलं आणि हात धुतले. "त्यांना एकदा डॉक्टर दाखवा रे. मी सेक्रेटरींना सांगू का?"

"मी सांगतो," गुंडो म्हणाला. हे तो दुसऱ्यांदा म्हणत होता.

सांगितलं असतं तर काय गेलं असतं, याचा हिशेब त्यानं वाटेतल्या फाटकाशी उभं राहून केला. नोकरी गेली असती. डबा गेला असता. पोर आधीच काडी झालेली, डबाही गेला तर? इलेक्ट्रिक गाडी धडधडत गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले. त्यानं गाडी पुढे घेतली. वाचणाऱ्याला इथं त्याचा राग येईल. यावा. पण ज्याच्या घरात पोर उपाशी आहे, त्याचा हिशेब पुढच्या जेवणापर्यंतच जातो.

दुसऱ्या दिवशी त्यानं डबा स्वतः घासला, पुसला, आणि आत्यांसारखी केळीच्या पानात गाठ मारून गुळाचा खडा वरच्या पुडात ठेवला. झाकणावरून सुतळी बांधली. सभेपर्यंत वाटेत कुठं थांबला नाही. राघोत्तमपुढे स्वतःच्या हातानं सुतळी सोडली.

गूळ नव्हता. पानही नव्हतं. काळ्याभोर केसांची एक बट होती, तेल लावून विंचरलेली.

त्या दुपारी त्यानं डबा घरी नेला नाही. पुष्कळ दिवसांनी तो विहिरीशेजारच्या खोलीसमोर उभा राहिला. खोलीला कुलूप होतं. नवीन भाडेकरू मिळाला नव्हता. उंबऱ्यापुढे मात्र रांगोळी होती, चार ठिपक्यांची, म्हाताऱ्या हातानं काढावी तशी थरथरती.

"कोण काढतं?" त्यानं मालकाला विचारलं.

"माझी बायको म्हणते, तुम्ही सभेवाले काढता," मालक म्हणाला, आणि घरात निघून गेला.

गुंडोनं भरलेला डबा उंबऱ्यावर ठेवला. "आत्या," तो हळूच म्हणाला, "तुमचा तुम्ही घ्या. झालं ते झालं." आपला आवाज त्याला खोलीच्या आतून आल्यासारखा वाटला.

घरी विजीला भात मिळाला नाही. तुळसीनं कंदमूळ उकडून दिलं. ती कसनुसं हसली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पुन्हा वाढ म्हणाली नाही.

सकाळी तिनं डोळे उघडले. चूळ भरली. बापाला विचारलं, "आज लवकर येशील?"

"फाटक उघडं असलं तर."

साडेबाराला तो वाडीत पोचला. डबा उंबऱ्यावर पालथा होता. घासलेला, कोरडा, उन्हानं तापलेला.

त्यानं तो तिथंच उघडला.

काळा दोरा होता. तुळसीनं विजीच्या मनगटाला बांधलेला, विषमज्वराच्या नवसाचा. गाठ सुटलेली नव्हती. दोरा कुठं तुटलेला नव्हता.

फाटक उघडं होतं.

घरी तुळसी दारात बसली होती. आत विजी निजली होती. मनगटावर दोऱ्याची फिकट खूण होती, नुसती खूण. गुंडोनं हात लावला. हात उन्हातल्या पितळेइतका गरम होता, मग हळूहळू निवत गेला.

सुतक फिटल्यावर तो सेक्रेटरी पद्मनाभरावांसमोर उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. म्हणजे सांगण्यासारखं तेवढं. पद्मनाभराव कडक माणूस, पण त्यांनी आवाज चढवला नाही. चष्मा काढून ठेवला.

"पाच आठवडे?"

"हो."

"तुळजाजीकडे माणूस पाठवला होता परवा. पुढचं नाव त्याचं म्हणून." ते थांबले. "तो गेला, गुंडो. गेल्याच आठवड्यात."

त्यांनी नोकरीवरून काढलं नाही. दुसरा ड्रायव्हर नव्हता, हे खरं कारण. पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. तेवीस नंबरचे दोन्ही डबे त्यांनी समोर आणवले, धुऊन घेतले आणि भांड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवून कुलूप लावलं. राघोत्तमला सांगितलं, उद्यापासून ते नाव घ्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी राघोत्तमनं बावीस नावं घेतली. गुंडोनं बावीस डबे गाडीत चढवले. मैलापूर झालं, टी. नगर झालं. फाटकापलीकडे आता कुणी जेवणारं नव्हतं, म्हणून तो फाटकाअलीकडूनच वळला. गाडीच्या मागच्या बाजूला पितळ पितळेवर वाजत होतं, रोजच्यासारखं.

सभेच्या अंगणात राघोत्तम डबे उतरवत मोजत होता. मोजून झाल्यावर त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग कपाटाकडे जाऊन कुलूप ओढून पाहिलं. कुलूप लागलेलं होतं.

"गुंडो," तो म्हणाला, "बावीसच नेलेस ना?"

गुंडोनं शेवटच्या डब्याचं झाकण फिरवून नंबर पाहिला: तेवीस. तो त्यानं स्वतः उघडला. वरच्या पुडात केळीच्या पानाची पुडी होती, गाठ मारलेली. आतला गूळ ताजा होता.

कुणी काय भरलं, हे आता मोजायला सोपं होतं. आत्यांनी आपलं सगळं चुकतं केलं होतं. तुळजाजीनं पाच आठवडे केळ्यांवर भरले, आणि मग तेही संपले. गुंडो बरीच वर्षं गाडी चालवत राहिला आणि त्या दिवसानंतर त्यानं कुणाकडून काही घेतलं नाही. बाकी जे होतं, ते त्या गुळाच्या खड्यावर होतं. एका कडेला तो कुणीतरी चावला होता. दातांचे ठसे बारीक होते, एका ओळीत; आणि मधोमध, एका दाताएवढी, जागा रिकामी होती.