सूचना क्रमांक सत्तेचाळीस

लघुलेखकांच्या टेबलाला धड खुर्ची एकच होती, आणि बसणारे दोघं.

"ही माझी खुर्ची आहे," ती म्हणाली.

"नाव लिहिलेलं दिसत नाही..." तो म्हणाला आणि तरी उठलाच. भिंतीजवळचं स्टूल त्याने ओढून घेतलं. स्टुलाचा एक पाय आखूड निघाला आणि महाशय तिच्या वहीवर कोसळता कोसळता वाचले. ती हसली नाही. तिची नोकरी अजून कच्ची होती, आणि कच्च्या नोकरीत माणूस हसतानाही जपून हसतो.

कचेरीत तिला सगळे 'एकशेवीस' म्हणत, कारण मिनिटाला एकशेवीस शब्द ती बिनचूक उतरवून घ्यायची. तो कोर्टातून आठवड्यापुरता उसना आलेला.

"तुमचा वेग किती?" तिने विचारलं.

"शंभर."

"बस्स?"

"सावकाश लिहिलं की अक्षर चांगलं येतं. शिवाय शेजारी बघायला वेळ मिळतो."

झालं! दुपारपर्यंत अख्खी कचेरी त्याला 'शंभर' म्हणायला लागली.

सुनावणी होती ती अशी, की जनुकं बदललेल्या पिकांपासून केलेल्या पदार्थांच्या पाकिटावर तसं छापायचं की नाही. सभागृहात डावीकडे 'छापा' म्हणणारे, उजवीकडे 'नका छापू' म्हणणारे, आणि समोर उंचावर समितीच्या अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश. मागच्या सुनावणीच्या नोंदीतून दोन वाक्यं गळाली होती, तेव्हा लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं होतं. म्हणून यंदा अध्यक्षबाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "इथे बोललेला एकही शब्द गाळला जाणार नाही. आणि आलेल्या प्रत्येक सूचनेवर अभिप्राय दिला जाईल."

मुख्य लिपिकांनी एकशेवीसला बाजूला घेतलं. "ऐकलंस ना? एक चूक झाली, की तुझी कायम होण्याची फाईल गेलीच समज."

दहा मिनिटं तिने लिहायचं, दहा मिनिटं त्याने. पाळी बदलताना मिनिटभर दोघं शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. सुनावणी कंटाळवाणी आहे असं त्या आठवड्यात फक्त त्या दोघांनाच वाटलं नाही.

आणि माणसं तरी काय एकेक! एका आजोबांनी टोमॅटो उंच धरला. "दोन महिने झाले, हा सडत नाही!" उजवीकडचे शास्त्रज्ञ खाली आले, त्यांनी टोमॅटो हातात घेतला आणि हळूच सांगितलं, "आजोबा, हा प्लॅस्टिकचा आहे." एक बेकरीवाला रडकुंडीला आला. "माझ्या एका बिस्किटात सतरा जिन्नस. कुठलं पीठ कुठल्या मक्याचं, ते मी कोणाला विचारू?" त्यावर ग्राहक संघाच्या ताई ठणकावून म्हणाल्या, "आम्ही काय खातो ते आम्हाला कळलंच पाहिजे!"

"तुमचं काय मत?" पाळी बदलताना शंभर कुजबुजला. "छापावं?"

"लघुलेखकाला मत नसतं."

"आणि मन?"

तिने पेन्सिलीला उगाचच टोक काढायला घेतलं. कान मात्र तापले होते.

बुधवारी ती नवे कानातले घालून आली. सहजच, असं तिने आईला सांगितलं. आईने बरं म्हटलं आणि पुढे काही विचारलं नाही.

गुरुवारी मात्र सगळंच बिनसलं. शंभर आला, "नमस्कार" म्हणाला, स्टुलावर बसला आणि नाकासमोर बघत राहिला. पाळी बदलली... "धन्यवाद." पुन्हा बदलली... "धन्यवाद." पोस्टाच्या खिडकीतला माणूससुद्धा याहून मायेनं बोलतो! आपलं काय चुकलं ते तिला कळेना, विचारायची हिंमत होईना. सोमवारपासून तो परत कोर्टात जाणार होता. त्या दुपारी डबा तिने तसाच परत नेला.

शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, मुख्य लिपिक आपल्या सपाट आवाजात आठवडाभराची टाईप केलेली नोंद वाचू लागले. लिहायची पाळी शंभरची होती. ती स्टुलावर बसली होती.

"बुधवार. बियाणं कंपनीचे संचालक. आमच्या मक्यावर तेरा वर्षं चाचण्या झाल्या आहेत. लेबल लावलं की लोक विनाकारण घाबरतील. हे कानातले तुम्हाला फार शोभतात. सुनावणी संपली की माझ्याबरोबर चहाला याल का? नाही म्हणालात तरी चालेल, पण तीन दिवस मी हेच विचारायचं ठरवतोय. तेलात तर जनुकं उरतच नाहीत. सूचना क्रमांक सत्तेचाळीस."



अध्यक्षबाईंचा हात नकळत आपल्या कानाकडे गेला. लक्षात येताच त्यांनी तो झटकन खाली घेतला.

"बघा!" ग्राहक संघाच्या ताई उभ्या राहिल्या. "कंपनीवाले अध्यक्षांना चहाला बोलावतात! भर सुनावणीत! रद्द करा ही सुनावणी!"

"अहो, मी यांना कशाला..." संचालकांना दरदरून घाम फुटला. "म्हणजे, कानातले चांगलेच आहेत, पण मी नाही हो!"

आणि एकशेवीस? तिला ते शब्द आत्ता, पहिल्यांदा ऐकू आले! बुधवारी पाळी बदलताना तो तिच्या कानाशी हे बोलला होता, आणि लिहिण्याच्या तंद्रीत तिच्या कानाने ते थेट हाताला देऊन टाकलं होतं. डोक्याला कसला पत्ताच नाही. टायपिंगच्या मावशींना एकही शब्द न गाळण्याची सक्त ताकीद होती, त्यांनी तो गाळला नाही, वर त्याला सूचनेचा क्रमांकही दिला. आणि तो बिचारा आपल्याला नकार मिळाला असं धरून दोन दिवस 'धन्यवाद' म्हणत बसला होता! तिला हसू येत होतं, रडू येत होतं आणि स्वतःच्या चार थोबाडीत द्याव्याशा वाटत होत्या.

गप्प बसावं तर संचालक नाहक बदनाम आणि आठवडाभराची सुनावणी पाण्यात. बोलावं तर फाईल गेली. ती उठली.

"अध्यक्षबाई... ते वाक्य माझ्या वहीतलं आहे. बोललं गेलं ते इथेच, पण संचालकांनी नाही. चूक माझी."

"मग कोण बोललं?"

तिने मनाशी म्हटलं, स्वतःची नोकरी पणाला लावली तेवढी पुरे, त्याची कशाला?

"मी," शेजारून आवाज आला. शंभर उभा होता. 'मी' म्हणून झाल्यावर त्याने वाकून ते वहीत लिहिलंसुद्धा. सवय, दुसरं काय!

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मुख्य लिपिक, या मुलीची फाईल माझ्याकडे पाठवा. नको ते शब्दसुद्धा ही गाळत नाही, हिला कच्ची कशाला ठेवलीत? आता राहिली सूचना. गाळता येणार नाही, मी शब्द दिलाय. आणि अभिप्राय देणं समितीच्या अधिकारात बसत नाही. तेव्हा ज्यांना सूचना केली, त्यांनीच तो द्यावा. आत्ता, सगळ्यांसमोर."

"कळलंच पाहिजे!" ताई ओरडल्या.

"कळलंच पाहिजे!" उजवीकडून संचालकही ओरडले. पाच दिवसांत दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते एवढ्याच मुद्द्यावर. लेबलाचा निर्णय त्यानंतर सहा महिने पुढे ढकलला गेला.

शंभर पेन्सिल धरून तिच्या उत्तराची वाट बघत होता. 

"मला... बुधवारी ऐकूच आलं नव्हतं," ती हळूच म्हणाली. "ऐकलं असतं, तर बुधवारीच हो म्हटलं असतं. सूचना मान्य. पण एक हरकत आहे."

"कसली?" त्याचा चेहरा पडला.

"हे तुम्ही-तुम्ही आता पुरे."

सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. तो मात्र तिच्याकडे नुसता बघत राहिला, आणि आठवडाभरात पहिल्यांदाच त्याचा हात वहीवर थांबला.

"हे... हे पण लिहायचं?" त्याने विचारलं.

"लिही ना," ती म्हणाली.