बुंदीचा विमा

पिराजीरावांनी स्वतःचा विमा कधी उतरवला नव्हता. राजाजीनगरात चाळीस वर्षं लेथ चालवली, एक बोट अर्धं गेलं, तरी कुणापुढे हात पसरला नाही. त्यामुळे सुनेनं कुत्रीचा विमा उतरवलाय हे कळल्यावर ते तीन दिवस हसत होते. त्यांचं हसणं म्हणजे मिशी हलायची, एवढंच.

सून शिवानी पुण्याची. नवऱ्याबरोबर सर्जापूर रोडला अकराव्या मजल्यावर राहायची. दोघं एका लग्नाला पुण्याला निघाली आणि कुत्री सांभाळायला पिराजीरावांना बोलावून घेतलं. कुत्रीचं नाव बुंदी. पिवळी, गोल, खादाड.

"बाबा, गळ्यातला बिल्ला काढू नका हं," शिवानी जाताना म्हणाली. "त्यावर पॉलिसीचा नंबर आहे."

"सरी, सरी," पिराजीराव म्हणाले. 'बरं, बरं'च्या जागी त्यांच्या तोंडी कन्नड 'सरी' बसलं होतं.

लिफ्ट खाली गेली आणि पिराजीरावांनी बिल्ला काढला. घरातलं जनावर पार्सलासारखं नंबर लावून फिरतंय, हे त्यांना बघवेना. त्यांच्या घरी कुत्र्याच्या गळ्यात काळा दोरा असायचा. चार पिढ्यांची रीत. त्यांनी दोरा बांधला. बिल्ला खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी कपडे आणायला राजाजीनगरला गेले, तेव्हा तो तिथल्या पेटीत राहिला.

इमारतीच्या तळघरात उंदरांचं औषध टाकलं होतं. बुंदीनं ते कधी खाल्लं, कुणाला कळलं नाही. चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला ती उठेना. फरशीवर नाकातून रक्ताचा एक थेंब पडला. मग दुसरा. पिराजीरावांनी तिचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या.

त्यांनी तिला खांद्यावर टाकलं आणि खाली ऑटो धरली.

"नायीचे स्वल्प जास्त होतील, अण्णा," ड्रायव्हर कुत्रीकडे बघत म्हणाला.

"जास्त घे. पण खड्डे चुकव."

"मग विमान बोलवा," म्हणत त्यानं ऑटो सोडली. पण खड्डे खरंच चुकवले.

रात्रभर उघडा राहणारा जनावरांचा दवाखाना एका गल्लीच्या टोकाला होता. आजूबाजूला रिकामे प्लॉट. आत एकच ट्यूबलाइट, तीही गुणगुणणारी. फिनेलचा वास होता, आणि त्याच्याखाली ओल्या कुत्र्याचा. बाहेर पाऊस नव्हता.

डॉक्टर रम्या तरुण होती. बुंदीला पाहताच तिचा चेहरा उतरला.

"उंदराचं विष. रक्त गोठत नाहीये. इंजेक्शन देतेच, पण रक्त चढवायला हवं. आमची पिशवी संध्याकाळीच संपली. रक्त देणारा कुत्रा मिळतो का बघते." तिनं घड्याळाकडे पाहिलं. "दोन तास आहेत. फार तर."

ती बुंदीला आत घेऊन गेली. काउंटरवरच्या माणसानं कागद पुढे केला. रात्रीची फी, रक्त, तीन दिवस ठेवून घेणं. साठ हजार आगाऊ. विमा असेल तर कंपनीची मंजुरी चालेल. बनियनच्या खिशात चौदा हजार होते. पिराजीरावांनी ते काउंटरवर ठेवले आणि पुण्याला फोन लावला. तो फोन लावणं त्यांना बोट गेलं त्याहून जड गेलं.

"बिल्ला कुठाय, बाबा?"

"पेटीत."

"कुठल्या पेटीत?"

"राजाजीनगरच्या."

पलीकडे लग्नाचा बँड वाजत होता. शिवानी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नंबर मी कंपनीला कळवते. तुम्हाला फोन येईल. बाबा... वाचेल ना ती?"

पिराजीरावांनी फोन ठेवला.

बाकावर एक बाई बसल्या होत्या. साठीच्या, अंगात मोहरी रंगाचा स्वेटर. हातात कुत्र्याची दोरी होती, तिचं दुसरं टोक बाकाखालच्या अंधारात गेलं होतं.

"पहिल्यांदा आलात?" बाईंनी हलक्या आवाजात विचारलं.

"हं."

"रात्रीच्या फीचं बिल वेगळं मागा, अण्णा. एकात घातलं की विमावाले कापतात... आणि त्रास कधी सुरू झाला, ती वेळ लिहून ठेवा."

पिराजीरावांनी कधी कुणाचा सल्ला घेतला नव्हता. त्यांनी पेन काढलं आणि तळहातावर लिहिलं. साडेअकरा.

"तुम्हाला बरंच ठाऊक आहे."

"बसून बसून कळतं... मी चंद्राबाई. हा आमचा विराट. रक्त द्यायला आणलाय. त्याला आवडतं."

"रक्त द्यायला आवडतं?"

"सगळे लाड करतात ना... म्हणून."

आतला दरवाजा उघडला. दोरी ताणली गेली. बाकाखालून पट्टा बाहेर आला. तपकिरी चामड्याचा, पितळी कडीचा. नुसता पट्टा, आत कुत्रा नाही. गोल, लावलेला, जमिनीपासून गुडघाभर उंच. फरशीवर नखं वाजली. टिक... टिक... टिक. पट्टा दारातून आत गेला. त्याच्यामागे चंद्राबाई गेल्या. दार लागलं.

पिराजीरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलं होतं. ते दिवाळीआधीच करायचं, असं त्यांनी त्या बाकावर पक्कं केलं.

मांडीवर फोन वाजला आणि ते वीतभर उडाले. विमा कंपनीची मुलगी. नाव भूमिका. ती आधी हिंदीत बोलली, मग कन्नडमध्ये, आणि मग त्यांचं बोलणं ऐकून थांबली.

"अण्णा, तुम्ही मराठी का? मी बेळगावची! आधी सांगायचं की हो!"

"आधी कुत्री बघ. मग बेळगाव."

"बघते, बघते. त्रास कधी सुरू झाला?"

त्यांनी तळहात वाचला.

"रात्रीच्या फीचं बिल?"

"वेगळं."

"वा! इतकं तर आमच्या साहेबांनाही कळत नाही."

पंधरा मिनिटांत मंजुरी आली. काउंटरवरच्या माणसानं चौदा हजार परत दिले. पिराजीरावांनी ते मोजले नाहीत. नजर दारावर होती. दाराआड कुणीतरी शेपूट आपटत होतं. जोरात, आनंदानं. बुंदीत तेवढं बळ नव्हतं.

पहाटे डॉक्टर रम्या बाहेर आली. डोळे लाल, पण हसत होती.

"वाचली. हिरड्या गुलाबी झाल्या."

पिराजीरावांची मिशी हलली. बराच वेळ हलत राहिली.

"त्या बाईंना बोलवा," ते म्हणाले. "पाया पडतो."

"कुठल्या बाई?"

"चंद्राबाई. विराटला घेऊन आत आल्या त्या."

रम्यानं वळून दाराकडे पाहिलं.

"विराट आला, सर. केवढा काळा कुत्रा! पट्ट्यावर नाव होतं. आपणहून टेबलावर चढला, हललाही नाही. पण... एकटाच होता. दोरी फरशीवर घासत आला. मला वाटलं तुमचाच असेल. रक्त देऊन बाहेर गेला ना?"

"इथून कुणी गेलं नाही."

ट्यूबलाइट गुणगुणत होती. त्यांनी बाई पाहिली होती आणि कुत्रा नाही. तिनं कुत्रा पाहिला होता आणि बाई नाही. आत रक्ताची पिशवी टांगलेली होती. ती मात्र दोघांनाही दिसत होती.

"चहा घेणार का, सर?" शेवटी रम्यानं विचारलं.

"साखर जास्त," पिराजीराव म्हणाले.

आठव्या दिवशी बुंदीनं ताटातली इडली पळवली, तेव्हा ती बरी झाली हे सगळ्यांना पटलं. पुण्याहून परतलेली शिवानी बिल्ल्याबद्दल एक शब्द बोलली नाही. उलट सासऱ्यांना जवळ बसवून पॉलिसी वाचून दाखवली. त्यांनी ती सगळी ऐकली आणि दोनदा मान हलवली. त्यांच्याकडून एवढं कौतुक त्या घरात कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

दुपारी भूमिकाचा फोन आला.

"अण्णा, एक शेवटचं काम. बुंदीचा आजचा फोटो पाठवा. मग क्लेम बंद, सगळे पैसे दवाखान्याला."

बुंदी सोफ्यावर पसरली होती. पिराजीरावांनी स्वतः फोटो काढला, स्वतः पाठवला आणि शिवानीला तसं ऐकवलं. मग फोन परत कानाशी धरला. पलीकडे भूमिका हसली.

"किती गोड आलाय! दोघं कशी चिकटून बसलीत. पण अण्णा, फॉर्ममध्ये लिहावं लागतं. यातली बुंदी कुठली?"

पिराजीरावांनी सोफ्याकडे पाहिलं. बुंदी एका कडेला होती. बाकी सोफा मोकळा.

"पिवळी," ते म्हणाले.

"सरी. झालं, मंजूर! अभिनंदन, अण्णा."

त्यांनी फोन ठेवला नाही. शिवानी स्वयंपाकघरात गेली, तेव्हा त्यांनी आवाज एकदम खाली आणला.

"पोरी... तो काळा काय करतोय?"

"काय करणार?" भूमिका हसत म्हणाली. "तुमच्याकडे बघतोय."