तितराची डबी

अमरावतीच्या कॉलेजात मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. घरच्या काचेच्या कपाटात वरचे दोन कप्पे माझे: पाखरांनी सोडून दिलेली घरटी, सापाची कात, टाचणीला लावलेले भुंगे, प्रत्येकाखाली ठिकाण आणि तारीख. खालचे कप्पे माझ्या बायकोचे. संध्याला जुन्या पितळी प्राण्यांचं वेड. हत्ती, कासव, मोराची समई. सहा वर्षांपूर्वी तिचे कान गेले. मशीन लावूनही फारसं कळत नाही. काही महत्त्वाचं असलं की मी कागदावर लिहून दाखवतो. पण दर रविवारी दोघं मिळून कपाट पुसतो. आमचं बरं चाललं आहे.

मार्चमध्ये परतवाड्याला माणिकबाई नावाच्या एक बाई घरातली जुनी भांडी विकत होत्या. तिथं संध्याला तितराच्या आकाराची सुपारीची डबी मिळाली. पंखांवरच्या रेषा इतक्या अचूक, की मी ती माझ्या कप्प्यात, सुगरणीच्या घरट्याशेजारी ठेवून घेतली.

चौथ्या दिवशी दुपारी संध्या भाजी निवडता निवडता थांबली. मशीन टेबलावर काढून ठेवलेलं होतं.

"तितर बोलून राहिलं," ती म्हणाली.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग रोज साडेतीनच्या सुमारास असं होऊ लागलं. मी तिला कपाटाकडे पाठ करून बसवलं, आवाज आला की बोट वर करायला सांगितलं, आणि डबीवर नजर ठेवली. तिचं बोट वर जाई त्याच क्षणी शेजारचं घरटं किंचित हले. पंखा बंद होता. मोबाइलवर रेकॉर्ड केलं, तर त्यात फक्त माझा श्वास.

कानाच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. काही फरक नव्हता.

मी परतवाड्याला गेलो. माणिकबाईंनी चहा दिला. मी आवाजाचं विचारताच त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"मले कधी नाई आला आवाज, सर. सासूलेच ये. तिच्यापाशी ढोल वाजवला तरी तिले समजे नाई."

डबी परत घ्यायची त्यांची तयारी होती. घरी येऊन मी तसं कागदावर लिहिलं. संध्यानं वाचून कागदाची घडी घातली.

"सहा वर्षांत मले एवढंच ऐकू आलं. तुमी तेबी नेसान का?"

डबी राहिली.

दुपारचा चहा आम्ही कपाटासमोर घेऊ लागलो. ती ऐके, मी तिचा चेहरा बघे. इतकी खूश ती कित्येक वर्षांत नव्हती. मी नोंदी करणं सोडून दिलं.

काल मलाही आवाज आला. कतीतर, कतीतर. अगदी स्वच्छ, बांधावरून यावा तसा.

आनंदानं मी संध्याचा हात धरला. तिला कळलं. ती हसली, काही सांगू लागली.

खिडकीबाहेरून शाळेची बस गेली. नुसतीच दिसली.

संध्या बोलत होती. तिचे ओठ हलताना मी बघत राहिलो.