सातवी खाच

अबे प्रणित, मोबाईल ठेव बाजूले अन् ऐक पहिले. गेल्या गुरुवारी, चोवीस ऑक्टोबरच्या रात्री, आपल्या जिशानसोबत काय झालं ते ऐक. खोटं निघालं तर नाव बदलून टाक आपलं!

जिशानचे चाचा जलालुद्दीन माहीत आहेत ना, बल्लारपूरचे? बंदुका दुरुस्त करतात, परवान्याचं दुकान आहे. वरोऱ्याच्या गुणवंतरावांकडं निकेलचा मुलामा दिलेले जुने रिव्हॉल्व्हर होते, तोंड पाहून घे असे चकचकीत. माणसानं जन्मभर जीव लावला त्यांले. श्रावणात वारले ते. आता निवडणूक लागली, सगळे रिव्हॉल्व्हर शुक्रवारी अकराच्या आत ठाण्यात जमा करायचे होते. तिथं किती दिवस पडून राहतील कोण जाणे, म्हणून त्यांच्या बायकोनं, इंदुताईनं, चाचाले फोन केला, एकदा पुसून तेल लावून द्या. चाचाचे गुडघे धरलेले. मग जिशान निघाला, पहिल्यांदाच एकटा.

"सुन बेटा," चाचा म्हणाले, "निकेल मतलब प्याज का छिलका. पितळ घासायचं पाणी लावू नको, चमड्याच्या कव्हरात ठेवू नको, उघडं बोट लावू नको. पसीना खा जाता है उसको. एक भी खराब हुआ तो चालीस साल का नाम गया."

गाडी लेट. जिशान पोचला तेव्हा नऊ वाजून गेले होते. माडीवर एक खोली, खिडकी नाही, लोखंडी दार, अन् कडी फक्त बाहेरून.

"हे असं काऊन?" त्यानं विचारलं.

"अरे, हे असतानी पुसणाऱ्याले आत कोंडत," इंदुताई हसल्या. "झालं की आतून तीनदा वाजवायचं. हे बाहेरून विचारत, किती झाले? आकडा बरोबर आला की मगच कडी काढत. माणसावर भरोसा नाई ना! मी नाई लावत बाप्पा. मले झोपेची गोळी घेऊन पडायचं हाये."

पेटी उघडली. लाल मखमल, सात खाचा. सहा भरलेल्या.

"अन् ही सातवी?"

इंदुताईचं हसू गेलं. "देवरावभाऊजींची. यांचे धाकटे भाऊ. बारा वर्षं झाले, वर्धा नदीत डोंगा उलटला. कमरेले ह्या खाचेतलंच रिव्हॉल्व्हर होतं. भाऊजी बी नाई सापडले, ते बी नाई. पण यायनं खाच नाई भरू देली. म्हणत, येईल ते आपल्या जागेवर."

त्या खाली गेल्या. जिशाननं सुती हातमोजे घातले. मऊ फडकं, तेलाचा एकच थेंब, नळीपासून मुठीपर्यंत. एकेक करत दहा पन्नासले सहावं ठेवलं, मोजे काढले. झालं आपलं काम, म्हणाला.

अन् लाईन गेली.

मोबाईल चार टक्के. टॉर्च लावला, तो बी गेला. चाचपडत दारापाशी आला. ढकललं.

बाहेरून कडी.

"बाई? ओ बाई!" थापा मारल्या. लाथ मारली. घर ढिम्म. बाईंनी सवयीनं लावली असेल, असं त्यानं स्वतःले समजावलं. मग आठवलं. तीनदा वाजवायचं.

टक. टक. टक.

बाहेर कोणीतरी खोकललं. पुरुष.

"किती झाले?"

"स... सहा."

...

"सहाच?"

अन् मागून, पेटीकडून, आवाज.

टप्.

टप्.

पाणी गळून राह्यलं होतं. त्या खोलीत नळ नाही. तांब्या नाही. काहीच नाही.

तो रांगत गेला. हात लावत गेला. एक... दोन... सहा कोरडे. मग सातवी खाच.

भरलेली.

थंडगार. ओलं. गाळाचा वास.

हात झटकला. दाराकडं पाहिलं, पण पाहणार काय? अंधार. बाहेरचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तो थांबला होता. वाट पाहून राह्यला होता.

जिशाननं फडकं उचललं. पुसलं. नळी... मूठ... बोटांखाली काहीतरी सालीसारखं सुटत होतं. तो थांबला नाही. पुसून ठेवलं. दारापाशी आला.

टक. टक. टक.

"किती झाले?"

"सात."

...

कडी सरकली.

लाईन आली तेव्हा सव्वाअकरा. जिन्यात कोणी नाही. खाली इंदुताई घोरत होत्या. सातवी खाच रिकामी. मखमल कोरडी ठाक.

सकाळी ठाण्यात सहाही उलटेपालटे करून पाहिले, कागदावर लिहिलं, मुलामा शाबूत. बाई म्हणाल्या, "मी तर कडीले हातच नाई लावला रे." दुकानात आल्यावर चाचानं बॅगेतलं फडकं पेपरवर झटकलं. काळा गाळ पडला. अन् नखाएवढी, चकचकीत सालपटं.

चाचानं चष्मा लावला. एक सालपट उजेडात धरलं.

"ये बरसों पानी में पड़े माल का निकेल है," म्हणाले. "तेरे छे तो साबूत हैं. फिर ये किसका छिला?"

ती सालपटं अजून आहेत दुकानात, तेलाच्या रिकाम्या बाटलीत. चल, दाखवतो.

पण पहिले सांग. तू कोंडलेला, अंधार, हाताखाली ते ओलं, अन् बाहेरून तो विचारून राह्यला, किती झाले? तू पुसलं असतं? का न पुसताच 'सात' म्हटलं असतं?