चार मात्रांची जागा

बसा ताई. दार उघडंच राहू द्या, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येतोय तेवढाच बरा. आन् मी बोलता बोलता थांबले ना, तर तुमी कायतरी बोला. शेंगदान्याचा भाव इचारा, काय पन इचारा, पन गप बसू नका.

तर त्या रविवारी मी भिंगारच्या बेकरीतून मडमसाठी पाव घेतला आन् तिच्याकडं निघाले. औंदाच, पंच्यान्नवच्या मार्चमधी. अकरा वर्सं मी तिचं झाडू-पोचा, भाकरी, समदं बघत हुते. नाव तिचं मार्गिट. आमी गानारी मडमच म्हनायचो.

आधी माझं सांगते, मंजे तुमाला कळंल. आमची भीमगीतांची गायन पार्टी. मालक जालिंदर ढोलकीवर, पोरगी जयमाला पुढं गाती, आन् मी कलाबाई कोरसमधी. वीस वर्सं कोरस केला मी. कोरसवाल्याचं काम एकच, पुढच्यानं ओळ सोडली की ती खाली पडू द्यायची न्हाई, वरच्यावर झेलायची. जेवताना शेजारी कोन गुनगुनलं तरी पुढची ओळ माझ्या तोंडातून येती. मालक म्हनायचे, "कला, तुला सरनावर पन गप बसवायला चार मानसं लागत्याल." आमी हसायचो. जयमाला आत्ता सतरा वर्सांची. जयंतीच्या आधी तिची कॅसेट निघनार हुती, पैलीच. माझा जीव त्या पोरीच्या गळ्यात अडकलेला, ताई. दुसरं काय हुतं आमच्याकडं?

मडम मूळची व्हिएन्नाची. तिकडं कॅफेत गायची. मग बोटीनं मुंबईला आली, मोठ्या हाटेलात गोव्याच्या बँडबरोबर गायला लागली. जाझ म्हनायचे त्या गान्याला. सात भाषांत गायची. जर्मन, हंगेरी, फ्रेंच, विंग्रजी, बँडवाल्यांकडनं कोकनी, राजेरजवाड्यांसाठी हिंदुस्थानी, आन् शेवटाला आपली मराठी. नुसते शब्द न्हाई बरं का. ज्याच्यापुढं गाईल त्याच्या घरातली हुऊन गायची. माझ्याशी बोलायला लागली की डोळे मिटून ऐका, भिंगारचीच बाई. आवाज खोल, घोगरा. ठेक्याच्या जरा मागनं चालायची, आता चुकती म्हनंस्तवर बरोबर समेवर. एकच गानं दोनदा सारखं कधी गायली न्हाई.

तिच्या बँडमधी एमिल नावाचा तुतारीवाला हुता, तिच्याच गावचा. तिचा मानूस. हिटलरची लढाई लागली तवा विंग्रज सरकारनं तिकडच्या मुलखाचे बाप्ये धरले आन् नगरला तारेच्या कुंपनात आनून ठेवले. त्यात एमिल. मडम मुंबईची हाटेलं सोडून हितं आली. दर रविवारी चार वाजता कुंपनाभायेर रस्त्यावर उभी राहून गायची. एक ओळ गायची आन् चार मात्रा थांबायची. त्या चार मात्रांत तो आतनं तुतारीवर जवाब द्यायचा. मग ती त्याच्या सुरावरनं पुढची ओळ उचलायची. पहारेवाले ऐकत बसायचे म्हने.

पुढं एमिल तापानं गेला. मडम मातर गेली न्हाई. त्या कुंपनाच्या माळाकडं तोंड असलेली खोली घेऊन राहिली. पंचावन्न वर्सं.

दर रविवारी चार वाजता ती खिडकीत खुर्ची घ्यायची आन् गायची. ओळ, मग चार मात्रा रिकाम्या. मी सुरवातीला इचारलं तवा म्हनली, "कला, ती जागा त्याची हाय. तिथं खोकायचं पन न्हाई."

आता काय सांगू तुमाला. त्या रिकाम्या जागंत मला कधी काय ऐकू आलं न्हाई. पन भर उन्हाची खोली गार पडायची. घासलेल्या पितळेचा वास यायचा. मडम मान डोलवायची, कधी गालात हसायची, आन् पुढची ओळ भलत्याच सुरावरनं उचलायची, कुनीतरी हातात दिल्यावानी. मी भिंतीला टेकून बसायचे. भ्या वाटायचं, पन तिला सुख हुतंय तर आपल्याला काय, असं म्हनायचे.

जयमाला माझ्याबरोबर यायला लागली. मडमला तिचा गळा लई आवडला. "पोरगी थांबायला शिकली तर मोठी हुईल," म्हनायची. जयमालानं तिला आपली एक ओवी शिकवली, माझ्या आईची.

तर त्या रविवारी मी पाव घेऊन गेले. मडम आजारी, आवाज पार तळाला गेलेला. चारला खुर्चीत बसली. जयमाला पायाशी. आन् मडमनं एकदम माझ्या आईची ओवी काढली, "माझ्या दारीच्या लिंबाखाली..." आन् थांबली.

माझ्या आईची ओळ, ताई. वीस वर्सांची सवय. एवढा क्षीण आवाज, खाली पडंल म्हनून जीव कासावीस झाला आन् मी झेलली! "कोन उभं गं, कोन उभं!" भर सभेत म्हनावं तशी, खड्या आवाजात.

मडम पांढरीफट पडली. "काय केलंस गं... तो आलाच हुता."

मी पाय धरले. ती पुन्हा गायली, जर्मनमधी. थांबली. मान हलली न्हाई. मग फ्रेंच, मग कोकनी. साती भाषांत हाका मारल्या तिनं. खोली तापलेलीच राहिली. म्हातारी ल्हान लेकरावानी रडली आन् मी नुसती बघत बसले. जळ्ळं माझं तोंड!

पाचव्या दिवशी गेली. जाताना माझा हात धरून म्हनली, "तुज्या आवाजामागं गेला तो. आता तो जागा शोधनार. पोरीला गाऊ देऊ नगंस... आन् गायलीच, तर मधी थांबू देऊ नगंस."

कॅसेट कशी थांबवनार? मालकांना सांगितलं तर म्हनले, "म्हातारीचं डोकं फिरलं हुतं." नगरात गोरक्षनाथ म्हनून रेकॉर्डिंगवाला हुता, भिंतींना गाद्या ठोकलेली खोली. जयमालानं ओळ सोडली, आमी पाच बायांनी जीव तोडून झेलली. एक मात्रा रिकामी ठेवली न्हाई. गोरक्षनाथनं टेप मागं घेऊन लावली.

जयमालाचा आवाज चोख. ढोलकी चोख. कोरसच्या जागी नुसती खरखर... चार मात्रा. पाच बाया कुठं गेल्या? आन् जयमाला पुढची ओळ उचलती ती आमी सोडल्या सुरावरनं न्हाईच. भलत्याच सुरावरनं. तीनदा केलं, तीनी वेळंला तेच. गोरक्षनाथ वायरी उपटून बघाय लागला. जयमाला मातर हसत हुती. मला म्हनली, "आई, आज किती भारी झेललंस."

घरी आल्यावर तिचं बोलनं मोडाय लागलं. "आई, पीठ..." म्हनायची आन् थांबायची. चार मात्रा. मग हसून, "बरं, मग उद्या." कुनाला म्हनती? मग मी ठरवलं, ही थांबली की आपन बोलायचं. तेवढंच येतं मला. ती थांबली की मी, "जयू, पानी तापलंय." ती थांबली की मी, "जयू, येनी घालू का?" पाठीशी बसून दिवसभर. घसा फुटून रगत आलं. तवर तिचं जेवन तुटलं. दवाखाने केले, सलाईन लावलं, विहारात वंदना घेतली. पोरगी वाळत चालली. ओळ म्हनायची आन् वाट बघायची, बस्स.

एक दिवस मी ताट घेऊन बसले, म्हनले, "दोन घास खा गं माय." ती माझ्या तोंडाकडं बघून लाजली. नवी नवरी लाजती तशी. "आई, परत म्हन ना."

"काय म्हनले मी?"

तिनं म्हनून दाखवलं. ते मराठी नव्हतं, ताई. रविवारी मडम एमिलसाठी गायची ती जर्मन बोली हुती.

तवा माझ्या ध्यानात आलं. मी त्याला भायेर ठेवत नव्हते. रोज मीच त्याला तिच्यापुढं नेऊन बसवत हुते. बोलले तर तो बोलतो, आन् गप बसले तर जागा रिकामी. मी आई हाय तिची, मला सांगा, मी काय करू?

गेल्या रविवारी चारला ती खाटंवर उठून बसली. हाडं नुसती. "माझ्या दारीच्या लिंबाखाली..." म्हनली आन् थांबली.

मी पदराचा बोळा केला, तोंडात कोंबला, वरनं दोनी हात दाबून धरले. श्वास पन घेतला न्हाई. एक... दोन... तीन... चार...

जयमालाचे डोळे माझ्यावर. ती हसली, मान डोलावली, आन् वरच्या सुरावरनं पुढची ओळ उचलली.

मागं वळून बघितलं तर दारात मालक उभे हुते. डोळ्यांत पानी. म्हनले, "कला, किती ग्वाड म्हनलंस गं... कवा शिकवलं तुला मडमनं?"

पदर अजून माझ्या दातांत हुता.